छायाचित्राला गंध नसतो

फेब्रुवारीच्या अखेरीस दिल्ली, चंडीगड, डेहराडून अशा शहरांतील बागांत जाळीवर चढलेली एक नाजूक वेल फुलून येते. पतंगासारखी गुलाबी, जांभळी, पांढरी फुले आणि चार पावले दूर असतानाच जाणवणारा मधुर सुगंध. वनस्पतिशास्त्राचा एखादा विद्यार्थी तिच्यासमोर मोबाइल धरतो आणि क्षणार्धात पडद्यावर उत्तर उमटते: लॅथिरस ओडोरेटस, प्रचलित नाव स्वीट पी, मूळ स्थान सिसिली. विद्यार्थी पुढच्या वाफ्याकडे वळतो. ओळख पटली, असे त्याला वाटते.

त्याला नाव मिळाले यात शंका नाही. ते बहुतेक वेळा बरोबरही असते. परंतु वनस्पतीचे नाव मिळवणे आणि तिची ओळख पटवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंतील अंतर किती मोठे असू शकते, हे समजून घेण्यासाठी याच फुलाचा सव्वातीनशे वर्षांचा इतिहास पुरेसा आहे. भूमध्य समुद्रातील एका बेटावरची ही साधी रानवेल ओळखताना थोर विद्वानांचीही फसगत झाली होती, आणि ती चूक नावात नव्हे, पत्त्यात झाली होती.

सतराव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीमध्ये पालेर्मोजवळ मिसिलमेरी येथे एका सरदार घराण्याची वनस्पतिबाग होती. फ्रान्सिस्कन पंथाचा साधू फ्रान्चेस्को कुपानी या बागेची देखभाल करीत असे. १६९६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ‘होर्तुस कॅथोलिकुस’ हा ग्रंथ म्हणजे या बागेतील वनस्पतींची सूची. ग्रंथाच्या नावातील ‘कॅथोलिक’ हा शब्द धर्मपंथाचा नसून बागेचा मालक असलेल्या काटोलिकाच्या राजपुत्राचा आहे. बेटावर वाढणाऱ्या एका सुवासिक वेलीचे वर्णन कुपानीने याच दशकात केले. लिनियसची दोन शब्दांची नामपद्धती तेव्हा अस्तित्वात यायची होती. वनस्पतीचे नाव म्हणजे तिचे छोटेखानी वर्णनच असे. कुपानीने दिलेल्या लांबलचक लॅटिन नावात या वेलीची लव, फुलाचा मोठा आकार आणि त्याचा सुगंध या तिन्ही गोष्टी नोंदल्या होत्या. हे तीन तपशील ध्यानात ठेवण्यासारखे आहेत, कारण आजही ही जाती ओळखताना तेच कामी येतात.

१६९९ मध्ये कुपानीने या वेलीचे बी लंडनजवळील एनफिल्ड येथील शाळाचालक आणि वनस्पतिप्रेमी रॉबर्ट युव्हडेल यांना पाठवले, असे वनस्पतिशास्त्राचा इतिहास सांगतो. ॲमस्टरडॅमच्या औषधी बागेतील कास्पर कोमेलिन यांनाही ते मिळाले आणि १७०१ मध्ये त्यांनी या वनस्पतीचे चित्र प्रसिद्ध केले. येथवर सारे निर्मळ होते. वनस्पती कोणाची, कोठून आली, कोणी पाठवली, कोणाकडे रुजली, या प्रत्येक प्रश्नाला उत्तर होते.

गोंधळ पुढे झाला. १७३७ मध्ये ॲमस्टरडॅमचे वनस्पतिशास्त्रज्ञ योहानेस बुर्मान यांनी सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, वनस्पतींवर ‘थेसॉरस झेलानिकस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात लाल-पांढऱ्या सुवासिक फुलांची एक लॅथिरस सिलोनची म्हणून समाविष्ट झाली. १७५३ मध्ये लिनियसने ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात लॅथिरस ओडोरेटस हे आजचे नाव दिले, तेव्हा त्याने या जातीचे दोन प्रकार मांडले: एक ‘सिक्युलस’, सिसिलीचा, आणि दुसरा ‘झेलानिकस’, सिलोनचा. झाले! जगाच्या दोन टोकांवरील दोन बेटे एकाच वेलीची माहेरे ठरली. लिनियससारख्या अधिकारी पुरुषाने लिहिलेली गोष्ट पुढचे लेखक उतरवून घेत राहिले. एकोणिसाव्या शतकातील बागकामाच्या पुस्तकांतही स्वीट पी सिसिलीबरोबर सिलोनची म्हणून वावरत होती. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा ‘पेंटेड लेडी’ हा जुना वाण तर अनेकांना सिलोनचाच वाटे.

नेमकी गफलत कोठे झाली, हे आज ठामपणे सांगणे कठीण असले तरी तिला पोषक अशी परिस्थिती स्पष्ट दिसते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून सिलोनच्या वनस्पती आणि बिया हॉलंडच्या बागांत येत होत्या. सिसिलीचे बीही हॉलंडमध्येच पोहोचले होते. दोन दिशांनी आलेल्या पुड्या एका बागेत जमल्या आणि एखादी चिठ्ठी हरवली, तर रोपाची लक्षणे कितीही बारकाईने पाहिली तरी ते कोणत्या देशातून आले, हे त्याच्या पानांवर लिहिलेले नसते. म्हणूनच स्थळाची नोंद ही वनस्पतीच्या ओळखीची तळटीप नसून तिचा अर्धा भाग आहे.

ही चूक सुधारली ती एखाद्या अधिक मोठ्या अधिकाऱ्याच्या शब्दाने नव्हे, तर अनेक बाजूंनी जमलेल्या पुराव्याने. श्रीलंकेच्या रानात ही वेल रानटी अवस्थेत आढळत नाही. दक्षिण इटली आणि सिसिलीत मात्र ती आढळते. शरद ऋतूत रुजायचे, ओलसर सौम्य हिवाळ्यात वाढायचे, वसंतात फुलायचे आणि कोरड्या उन्हाळ्यापूर्वी बी टाकून मरायचे, हा तिचा जीवनक्रम भूमध्य सागरी हवामानाला साजेसा आहे. उत्तर भारतात ती हिवाळी फुलझाड म्हणून लावावी लागते, त्याचे कारणही हेच. शिवाय तिच्या जवळच्या नातलग जाती भूमध्य समुद्राच्या परिसरात आणि पश्चिम आशियात आहेत.

आनुवंशशास्त्राने एक निराळा धागा पुरवला. १९०५ च्या सुमारास केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन, एडिथ साँडर्स आणि रेजिनाल्ड पनेट हे संशोधक स्वीट पीवर प्रयोग करीत होते. पांढऱ्या फुलांच्या दोन झाडांचा त्यांनी संकर केला आणि संततीला सगळी जांभळी फुले आली! रानटी सिसिलियन वेलीचा रंग जणू पडद्याआडून पुढे आला. पुढच्या पिढीत जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचे प्रमाण ९ : ७ असे भरले. रंगद्रव्य तयार होण्यासाठी दोन स्वतंत्र जनुकांची गरज असते. दोन्ही पांढऱ्या झाडांत निरनिराळे जनुक बिघडलेले होते, म्हणून संकरात एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढली. याच वेलीच्या फुलांचा रंग आणि परागकणांचा आकार यांच्या अभ्यासातून जनुकांच्या सहलग्नतेचे पहिले दर्शन घडले. पाठ्यपुस्तकात हा प्रयोग शिकताना क्वचितच कोणी सांगते, की त्यातून ओळखीचाही एक धडा मिळतो. फुलाचा रंग एखाद-दुसऱ्या जनुकाने पालटू शकतो. केवळ रंग वेगळा, म्हणून वनस्पती वेगळी आणि तिचा देशही वेगळा, असे अनुमान काढणे धोक्याचे असते.

मग ही वेल ओळखायची कशी? कोणतीही ओळख-किल्ली विद्यार्थ्याला पायरीपायरीने उतरवते. पतंगासारखे फूल आणि शेंग दिसली, की कुल ठरते: शिंबावंत. पान संयुक्त असून त्याच्या टोकाला आधार पकडणारे तणावे असले, तर वाटाणा, लॅथिरस आणि व्हिसिया यांच्या घोळक्यात प्रवेश होतो. येथे भिंग हाती घ्यावे लागते. लॅथिरसच्या फुलातील कुक्षिवृंत चपटा असतो आणि त्याच्या केवळ आतल्या बाजूला केस असतात. पुढे जातीचा प्रश्न येतो. स्वीट पीच्या खोडाला दोन्ही बाजूंनी पंखासारख्या पट्ट्या असतात, प्रत्येक पानात पर्णिकांची एकच जोडी असते, एका दांड्यावर साधारण एक ते तीन मोठी फुले येतात आणि रानटी झाडात ती जांभळी-तांबूस असतात. खोडावर, पानांवर, शेंगेवर लव असते. आणि सरतेशेवटी, फुलाला सुगंध असतो.

भूमध्य सागरी प्रदेशात तिच्याशी घोटाळा होऊ शकेल अशा जाती थोड्या नाहीत. लॅथिरस टिंजिटॅनसची फुले तितकीच भडक व मोठी असतात, पण झाड गुळगुळीत असते आणि फुलाला वास नसतो. लॅथिरस लॅटिफोलियस बहुवर्षायू आहे; त्याच्या एका दांड्यावर अधिक फुले लागतात आणि तीही गंधहीन असतात. लॅथिरस हिर्सुटसवर लव आहे, पण फुले लहान. लॅथिरस क्लायमेनमच्या पानात पर्णिकांच्या एकाहून अधिक जोड्या असतात.

आता ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. कुक्षिवृंतावरचे केस, शेंगेवरची लव, खोडाच्या पट्ट्या, झाडाचे आयुष्य आणि फुलाचा गंध. समोरून टिपलेल्या देखण्या छायाचित्रात यांतील किती गोष्टी उमटतात? ‘ओडोरेटस’ या शब्दाचा अर्थच सुवासिक असा आहे. ज्या गुणावरून जातीचे नाव पडले, तोच छायाचित्रात येत नाही. ॲप रंग, आकार आणि ठेवण यांची तुलना करून संभाव्य उत्तर देते. ते उत्तर म्हणजे अनुमान असते, आणि अनुमानाला साक्षीपुराव्याची जोड लागते.

“नाव थोडे चुकले तर बिघडले कुठे?” असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर भारतीय स्वयंपाकघरात आहे. स्वीट पीची सख्खी बहीण, लॅथिरस सॅटायव्हस, म्हणजे हिंदी प्रदेशातील खेसारी, छत्तीसगडचा तिवडा आणि विदर्भातील लाख किंवा लाखोळी. अवर्षणातही तग धरणारे हे कडधान्य गरिबांचा आधार राहिले आहे. मात्र दुष्काळात महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले, की त्यातील ओडाप या विषारी ॲमिनो आम्लामुळे पाय कायमचे लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातील सागर प्रदेशात पिके बुडाल्यानंतर उद्भवलेल्या अशा आजाराचे वर्णन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवले आहे. १९६१ मध्ये देशात खेसारीच्या विक्रीवर निर्बंध आले. पुढे कृषिसंशोधकांनी कमी ओडाप असलेले रतन, प्रतीक, महातिवडा यांसारखे वाण विकसित केले. तूर किंवा हरभऱ्याच्या डाळीत खेसारीची भेसळ ओळखताना आजही दाण्याच्या तिरकस, चौकोनी कडा पाहिल्या जातात. म्हणजे एका दाण्याचा आकार ओळखता येणे हा अन्नसुरक्षेचा विषय ठरतो.

स्वीट पीचे विष तर याहून वेगळे. तिच्या बियांत बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल हे द्रव्य असते. ते चेतासंस्थेवर नव्हे, तर कोलॅजेनच्या धाग्यांची परस्परांशी होणारी घट्ट बांधणी रोखून हाडे व संयोजी ऊतकांवर घाला घालते. प्रयोगशाळेतील प्राण्यांत हा परिणाम स्पष्ट दिसून आला आहे. दोन बहिणी, दोन विषे, दोन आजार. आणि दोघींचे दाणे शेवटी वाटाण्याच्याच गोतावळ्यातले. नावात ‘स्वीट’ आणि ‘पी’ असे दोन्ही शब्द असलेली ही वेल खाण्याची नाही, हे मुलांना सांगण्यासाठी ती कोण आहे हे आधी मोठ्यांना ठाऊक असावे लागते.

ॲपच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ज्या गावात जाड इंग्रजी ‘फ्लोरा’ ग्रंथ पोहोचले नाहीत, जेथे विचारायला जाणकार नाही, तेथे खिशातील फोनने कुतूहलाचे दार उघडले आहे. नागरिकांनी नोंदवलेल्या छायाचित्रांमुळे अनेक वनस्पतींच्या आढळाची माहिती वाढली आहे. चांगल्या मंचांवर छायाचित्रासोबत स्थळ आणि तारीखही नोंदली जाते. रोप रानटी आहे की लावलेले, हेही सांगण्याची सोय असते. कुपानीच्या काळी ही साधने असती, तर सिलोनचा घोळ कदाचित झालाच नसता. दोष साधनाचा नाही. उत्तर मिळताच प्रश्न संपला असे मानण्याच्या सवयीचा आहे.

आणि ॲपला एक मूलभूत मर्यादाही आहे. जे नाव त्याला शिकवलेलेच नाही, ते त्याला सांगता येत नाही. १९८७ मध्ये तुर्कस्तानात अंताल्या प्रांतातील बेलिन गावाजवळ संशोधकांना पिवळसर फुलांची एक अनोळखी लॅथिरस दिसली. स्वीट पीची ही जवळची नातलग पुढील वर्षी लॅथिरस बेलिनेन्सिस या नावाने शास्त्राला परिचित झाली. ही वनस्पती कोणत्याही ज्ञात जातीशी जुळत नाही, हे ओळखायला संपूर्ण प्रजाती डोळ्यांखालून घातलेला माणूस लागला. यंत्राने तिला सर्वांत जवळचे एखादे नाव देऊन टाकले असते. भारतासाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पश्चिम घाट, ईशान्य भारत, हिमालय या प्रदेशांतून आजही विज्ञानाला नव्या असलेल्या वनस्पती समोर येतात आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था त्यांची वार्षिक सूची प्रसिद्ध करते. अशा देशात ‘सर्वांत जवळचे नाव’ हे नव्या शोधाच्या मार्गातील धोंड ठरू शकते.

१८९० मध्ये स्थापन झालेली ही संस्था, हावड्याच्या मध्यवर्ती राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयातील लक्षावधी वाळवलेले नमुने आणि महाविद्यालयांच्या कपाटांतील लहान संग्रह हे देशाचे वैज्ञानिक दप्तर आहे. नावे बदलतात. क्यूच्या जागतिक वनस्पतिसूचीत तर रोजचा मटारही आता लॅथिरस प्रजातीत, लॅथिरस ओलेरेशियस या नावाने नोंदलेला आहे. पायसम सॅटायव्हम पाठ करून परीक्षा दिलेल्या पिढ्यांना हे चमत्कारिक वाटेल. पण नाव बदलले तरी कागदावर चिकटवलेला नमुना बदलत नाही. त्यावर स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव असेल, तर शंभर वर्षांनंतरही कोणी तो उघडून पुन्हा तपासू शकतो. चूक झाली असेल तर ती सापडण्याची शक्यता त्या कागदामुळे जिवंत राहते. जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवह्यांनाही हेच लागू पडते. नोंदीमागे नमुना नसेल, तर ती नोंद भविष्यात कोणालाही पडताळता येणार नाही.

वर्गीकरणशास्त्राच्या जाणकारांची आणि नमुन्यांची टंचाई ही जैवविविधता संरक्षणातील मोठी अडचण असल्याचे आंतरराष्ट्रीय जैवविविधता कराराने मान्य केले आहे. ही टंचाई केवळ निधीने भरून निघणार नाही. ती वर्गात भरून काढावी लागेल. वर्गीकरण हा पाठांतराचा, जुनाट, गुण मिळवून विसरण्याचा विषय आहे, अशी समजूत विद्यार्थ्यांत रुजली असेल, तर तिला तो शिकवण्याची पद्धत जबाबदार आहे. एका रानवेलीच्या पत्त्याचा शोध दोन खंडांच्या इतिहासातून, हवामानातून, जनुकांतून आणि विषशास्त्रातून जातो. अशा विषयाला नीरस म्हणणे अवघड आहे.

विद्यार्थ्यांनी फोन खिशात ठेवावा, असे येथे सुचवायचे नाही. फोन जरूर काढावा. मात्र उत्तर वाचल्यानंतर पाच गोष्टी वहीत लिहाव्यात.

१. वनस्पती नेमकी कोठे आणि कोणत्या तारखेला पाहिली.
२. ती रानटी होती, लावलेली होती, की बागेतून निसटलेली.
३. छायाचित्रात न दिसणारी लक्षणे: लव, गंध, चीक, खोडाचा छेद, भिंगाखाली दिसणारे फुलाचे भाग.
४. तिच्यासारखी दिसणारी निदान एक दुसरी जाती, आणि ती ही नव्हे असे म्हणण्याचे कारण.
५. पुरावा कोठे ठेवला: नमुना, अनेक बाजूंची छायाचित्रे किंवा दोन्ही.

यांतील चौथी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. ‘ही अमुक आहे’ असे यंत्रही सांगते. ‘ही तमुक का नाही’ याचे उत्तर ज्याला स्वतः देता येते, त्यालाच ओळख पटली असे म्हणता येईल. शिक्षकांनी गुण देताना नावाला एक आणि या कारणाला चार, असा हिशेब ठेवला, तर वर्षभरात वर्गाचे डोळे बदलतील.

मिसिलमेरीच्या त्या साधूने वर्णन करताना वेलीची लव आणि गंध दोन्ही नोंदले. लव बोटांना जाणवते, गंध नाकाला. पुढच्या विद्वानांपुढे ग्रंथ होते, अधिकार होता. पण आलेल्या पुडीच्या पत्त्याची खातरजमा राहून गेली आणि एका वेलीला नसलेले दुसरे माहेर चिकटले. यंदाच्या फेब्रुवारीत कुठल्याशा बागेत स्वीट पी पुन्हा फुलेल आणि फोन पुन्हा तिचे नाव सांगेल. त्यानंतर विद्यार्थ्याने एक पाऊल पुढे टाकून, किंचित वाकून, फुलाचा वास घ्यावा. ओळख तेथून सुरू होते.

#वनस्पतिशास्त्र #वर्गीकरण #विज्ञानशिक्षण